खार सुटला नाही

आधीच सांगते, भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातली मी नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कोणी दृष्टीबिष्टीचा मेसेज टाकला की पहिला टोमणा माझा असतो. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहा पिता पिता, हसत हसत वाचलेत. त्यामुळे आज कोणी मला हसलं तर तक्रार करायला मला तोंड नाही. तरीही लिहितेय, कारण लिहिणं भाग आहे… ते का, हे शेवटी कळेल.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, घरात तीनच माणसं. मी, माझा नवरा संदीप आणि सासूबाई. मी इन्शुरन्सच्या ऑफिसात आहे, संदीप अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी बघतो. सासूबाई, म्हणजे आई, एकोणऐंशी वर्षांच्या, येवल्याकडच्या. तब्येत ठणठणीत आणि जीभ त्याहून ठणठणीत.

मला एक नाद आहे. जुनी जपानी भांडी. द्वारका चौकाच्या मागे एक गोडाऊन आहे, तिथे जपानमधल्या रिकाम्या केलेल्या घरांतलं सामान लॉटमध्ये येतं. कान नसलेले कप, निळ्या माशांच्या बशा, लाखेचे वाडगे, बांबूच्या टोपल्या, सगळं जपानी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी रविवारी सकाळी जाते, जमिनीवर फतकल मारते आणि दोन तास एकेक पुडकं सोडत बसते. संदीप म्हणतो, "लोक घरातली जुनी भांडी मोडीत घालतात, तू दुसऱ्या देशातली आणतेस." त्याला बोलू दे. सकाळचा चहा तो त्याच कपातून पितो.

मागच्या मे महिन्यातला रविवार. त्या दिवशी मला एक बरणी दिसली. पांढरीशुभ्र, चिनी मातीची, वीतभर उंच, वर अगदी घट्ट बसणारं झाकण. कुठे चीर नाही, टवका नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला ब्रशने काळी जपानी अक्षरं लिहिलेली. कारागिराची सही असणार, असं वाटून मी खूशच झाले, लगेच फोटो काढला.

"घेऊन टाका मॅडम," दुकानवाले काका म्हणाले. "या लॉटमधली शेवटची. बाकीच्या हातोहात गेल्या."

आमच्याकडे कैऱ्या आलेल्याच होत्या. लोणच्याला याहून चांगली बरणी कुठे मिळणार होती?

घरी आल्यावर बरणी सिंकमध्ये धुतली. तळाशी थोडी राखाडी-पांढरी भुकटी होती आणि खडूच्या तुकड्याएवढं काहीतरी. पॅकिंगचा कचरा असेल म्हणून नळ मोठा सोडला, ब्रशने घासलं, सगळं वाहून गेलं. मग बरणी उन्हात वाळवली. दुपारी आईंनी कैरीच्या फोडींना मीठ-हळद चोळून त्या बरणीत भरल्या आणि तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधला.

संध्याकाळी जेवताना आईंनी आमटीचा पहिला घास घेतला आणि माझ्याकडे पाहिलं.

"मीठ टाकायला इसरली का गं?"

मी मीठ घातलं होतं. पण चव घेतली तर खरंच अळणी. असेल गडबडीत राहिलं, म्हणून वरून घातलं. तरी अळणीच. पुन्हा घातलं. शेवटी संदीप म्हणाला, "मीठच बोगस आलंय, उद्या दुसरं आण."

सोमवारी दुपारी कारखान्यातून त्याचा फोन. "डब्यात मीठ नाही. आमच्या डिपार्टमेंटचा पाटील म्हणतोय, वहिनींशी भांडलास का?"

मी नवीन पुडा आणला. तेच! आमटी अळणी, भाजी अळणी, पोहे अळणी. ऑफिसच्या कॅन्टीनमधला वडापाव मात्र व्यवस्थित खारा लागायचा. बुधवारी आणखी एक गोष्ट लक्षात आली. मोहरी तडतडत होती, हिंग टाकत होते, पण फोडणीला वासच नव्हता. मी कढईवर वाकून उभी राहिले, डोळ्यांत वाफ गेली, नाकाला काहीही कळलं नाही.

आम्हाला वाटलं, कोविड. कामावर न जाता दोघंही घरीच थांबलो. तिघांनी टेस्ट केली, तिघेही निगेटिव्ह. मग संदीपमधला क्वालिटीवाला जागा झाला. त्याने मिठाचा सीलबंद पुडा घेतला आणि आमच्या दाराबाहेर, जिन्यात उभं राहून फोडला. एक चिमूट जिभेवर ठेवली.

"खारट."

मग पुडा जिन्यातच ठेवून दोन पावलं टाकून आत आला. त्याच पुड्यातली दुसरी चिमूट. तोंड हलवत उभाच राहिला.

"बोल ना."

"काहीच नाही. वाळूसारखं लागतंय."

मीही करून बघितलं. उंबऱ्याबाहेर खारट, उंबऱ्याच्या आत वाळू. सहा-सात वेळा आत-बाहेर केलं; एकदा आत आलेली चिमूट परत बाहेर नेली तरी वाळूच. आधी हसत होतो, मग हसणं आपोआप थांबलं. भर दुपारचे बारा वाजले होते, खाली भंगारवाला ओरडत होता आणि माझ्या अंगावर काटा उभा होता.

त्याच दिवशी आईंनी बरणीचं फडकं सोडलं. मीठ लावलेल्या कैरीला एका रात्रीत पाणी सुटतं, खार सुटतो. इथे चौथा दिवस होता आणि फोडी कोरड्या ठक्क. नरम नाहीत, नासलेल्या नाहीत, बुरशीचा ठिपका नाही. हळद लावून आत्ता कापून ठेवल्यासारख्या. साठ वर्षं लोणची घातलेल्या आईंनी एक फोड चिमटीत दाबून पाहिली, परत आत टाकली आणि फडकं पुन्हा बांधलं.

शनिवारी सकाळी त्या बाथरूममधून बाहेर येताना भिंतीला धरून खाली बसल्या. मला "कोण गं तू?" म्हणाल्या. रिक्षात घालून त्यांना दवाखान्यात नेलं. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, "सोडियम फार कमी झालंय. आजी मीठ खात नाहीत का?"

त्या बाईच्या ताटात मी आठवडाभर मीठ ओतत होते!

रात्रभर सलाईन लावलं. रविवारी सकाळी कॅन्टीनची मुगाची खिचडी आली. आईंनी घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"वैशाली, मिठाची हाय गं!"

मिठासाठी माणूस रडतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. डॉक्टरांनी दुपारी घरी सोडलं, पण बजावलं, पुन्हा असं झालं तर या वयात झटके येऊ शकतात, जिवावर बेतू शकतं. संदीप म्हणाला, तिला काही दिवस माझ्या बहिणीकडे ठेवू. आई ऐकायला तयार नव्हत्या. स्वतःचं घर सोडून त्या कधी कुठे राहिलेल्या नाहीत.

संध्याकाळी मी वरण-भात वाढला. त्यांनी एक घास चावला आणि ताट बाजूला सारलं.

"मला आता कळलं. अळणी, फोडणी नाय, लोणचं नाय… हे सुतकातलं जेवण हाय. सासरे गेले तवा आमी दहा दिवस हेच खाल्लं."

"आई, घरात कोणी गेलेलं नाही," संदीप वैतागून म्हणाला.

"म्हणून तर इचारते. सुतक कोणाचं?"

गेलेलं कोणी नव्हतं. मग जाणारं कोण होतं? माझी नजर आईंच्या हातावर गेली, सलाईनच्या पट्टीवर. त्यांनीही ते पाहिलं असणार, कारण त्यांनी पदर हातावर ओढून घेतला.

"हे सुरू झालं त्या रोजी घरात काय आलं होतं?" त्यांनी विचारलं.

बरणी.

माझी कॉलेजातली मैत्रीण अनघा पुण्यात जपानी शिकवते. मी तिला झाकणाचा फोटो पाठवला. तिने तो सोमवारी दुपारी पाहिला आणि मेसेज न करता सरळ फोनच केला.

"या बरणीत काय ठेवलंयस?"

"लोणचं. का गं?"

"थांब," म्हणून तिने फोटो पुन्हा एकदा उघडून पाहिला.

"वैशाली, नीट ऐक. तिकडे दहन झालं की अस्थी अशा बरणीत ठेवतात. झाकणावर कारागिराचं नाव नाहीये, गेलेल्या माणसाचं आहे. फुमी. वय एकोणऐंशी."

ती भुकटी, तो खडूचा तुकडा… मी नळ मोठा सोडला होता. ब्रशने घासलं होतं. एका बाईला मी माझ्या हाताने खरकट्याच्या पाण्यात सोडून दिलं होतं आणि वर तिच्या जागी कैऱ्या भरल्या होत्या. आपल्याकडे अस्थी उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, बाहेर कुठेतरी बांधून ठेवतात. मी घासाघीस करून घरात आणल्या!

आईंना सांगायचं नव्हतं, पण माझं तोंड बघून त्यांनी सगळं काढून घेतलं. वय ऐकल्यावर म्हणाल्या, "माझ्याच वयाची की गं." मग बोटांवर मोजायला लागल्या. रविवार पहिला… आज सोमवार नववा.

"उद्या दहावा. गंगेवर जायचं."

नाशिकमध्ये गंगा म्हणजे गोदावरी. संदीप काही म्हणेल असं वाटलं होतं. त्याने लगेच सुट्टी टाकली.

मंगळवारी सकाळी निघायच्या आधी मी आमटी करून ठेवली. आईंचं सोडियम डोक्यात होतं, म्हणून वेड्यासारखं मूठभर मीठ घातलं, दोनदा. चव बघितली. काहीच नाही.

रामकुंडाजवळ एक गुरुजी मिळाले. संदीप त्यांच्यासमोर बसला.

"मयताचं नाव?"

"फुमी," संदीप म्हणाला.

"गोत्र?"

"जपानच्या होत्या."

गुरुजींनी फक्त चष्मा वर केला. "हरकत नाही. माहीत नसलं की काश्यप लावतो."

बरणी आम्ही रिकामी करून आणली होती. ती पाण्यात टाकू नका, गुरुजी म्हणाले, नदीचं पाणी तिच्यात भरा आणि सोडा. मी पायरीवर वाकून बरणी बुडवली, ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. झाकण आईंनी धरलं होतं.

मग पिंड ठेवला. घाटावर कावळ्यांना तोटा नाही. शेजारच्या दोन्ही पिंडांना लगेच शिवले. आमच्या पिंडाकडे एकही फिरकेना. अर्धा तास झाला, ऊन चढलं, आईंना उभं राहवेना. गुरुजी हळूच म्हणाले, "काही राहिलंय का बघा."

"तू बोल," आई मला म्हणाल्या. "तू धुतलीस."

चार लोकांसमोर मी हात जोडले. "फुमीआजी, मला ठाऊक नव्हतं. पण केलं मीच. मी तुम्हाला नळाखाली धुतलं. चुकले मी… माझी शिक्षा यांना देऊ नका." कावळा आला नाही.

आई हळूहळू पायरीवर टेकल्या आणि पिंडाकडे बघून, शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या.

"बाई, तुझं कोणी आलं नाय याचं वाईट वाटून घेऊ नको. तुझे दहा दिवस आमी पाळले. मी पाळले. आता माझं मीठ मला दे."

कावळा कुठून आला मी पाहिलं नाही. एकच होता. पिंडावर चोच मारली आणि गेला.

घरी आलो तेव्हा एक वाजला होता. मी आमटी गरम केली, वाटीत घेतली आणि आईंच्या आधी स्वतः घोट घेतला.

थुंकायला मोरीकडे पळाले. खारट… इतकी खारट की जीभ भाजल्यासारखी झाली. सकाळी घातलेलं सगळं मीठ तिच्यात होतं. आईंनी माझ्या हातातून वाटी ओढली, घोट घेतला, ठसका लागला, आणि डोळे पुसत त्यांनी दुसरा घोट घेतला. मग आम्ही तिघं स्वयंपाकघरात उभे राहून लहान पोरांसारखे रडलो.

पुढच्या आठवड्यात आईंचा रिपोर्ट नॉर्मल आला. मी आता विश्वास ठेवते की नाही, हे मलाच माहीत नाही. बरणी बाल्कनीत कोपऱ्यात आहे, रिकामी. टाकायचं धाडस होत नाही, आत आणायचंही नाही.

महिन्याभराने मी हिंमत करून त्या गोडाऊनवर गेले. काकांना काहीच ठाऊक नव्हतं, ऐकून त्यांनी कानाला हात लावले. मी विचारलं, बाकीच्या बरण्या कोणी नेल्या?

"काय सांगू मॅडम… रविवारची गर्दी. पाच होत्या. नेणाऱ्या सगळ्या बायकाच होत्या, लोणच्याला म्हणून घेऊन गेल्या."

म्हणून हे लिहिलंय. नाशिकमध्ये कोणाच्या घरी वीतभर उंचीची पांढरी जपानी बरणी असेल, आणि कैरीला खार सुटत नसेल… तर कृपा करून झाकण उलटं करून बघा.