पऱ्हाटीचा धडा

कुणाबद्दल लिहायचं म्हणजे ते माणूस आपल्याला पुरतं कळलेलं असावं लागतं. मला अक्का पुरत्या कळल्या होत्या असं मी म्हणणार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्याचा सरावही परीक्षेपुरता. तरी लिहितो आहे. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

पिंपळनेरहून धुळ्याला शिकायला आलो, तेव्हा ज्या घरात खोली घेतली त्याच्या पुढच्या दोन खोल्यांत अक्का आणि त्यांची आई राहत. अक्का सरकारी पाटबंधारे कचेरीत ओव्हरसियर होत्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना सांगितलं, की मला बी.ए. करून पुढे मास्तर व्हायचं आहे. कौतुक वगैरे काही नाही. भाजी निवडता निवडता अहिराणीत म्हणाल्या, “बरं. काम कोठे अडस ते सांग.”

नंतर कळलं, त्या सगळ्यांनाच हे विचारत. त्यांच्या आईने लोणच्याचा विषय काढला तरी हेच. आई वैतागून म्हणायची, “हिनं लगीन आठेच अडनं.” अक्का हसायच्या आणि पुन्हा कैऱ्यांबद्दल विचारायच्या.

त्यांचं स्वतःचं काम कुठे अडलं होतं, ते मात्र सगळ्या कचेरीला माहीत होतं. डिप्लोमा होऊन कित्येक वर्षं झाली, तरी त्या नकाशे काढत आणि दुसऱ्यांची मोजमापं तपासत बसल्या होत्या. शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी एका नाल्यावर बंधारा मंजूर झाला होता. तो त्यांना स्वतः बांधायचा होता. साहेब म्हणाले, “प्रकल्प व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र आणा, मग बघू.” बाईमाणसाला साइटवर पाठवायचं टाळण्याची ती रीत होती. अक्कांनी ते वाक्य शब्दशः धरलं.

दोन संस्थांची माहितीपत्रकं मागवली. एक कोर्स सहा महिन्यांचा. उत्तरं घरी लिहून टपालाने पाठवायची, नापास होण्याची सोय नाही. दुसरा वर्षाचा, परीक्षा पुण्याला, आणि स्वतः पार पाडलेल्या एका कामाचा अहवाल द्यायचा. कचेरीतल्या निंबाभाऊंनी पहिला कोर्स आधीच उरकला होता. ते घरी येऊन भिंतीकडे बोट करून म्हणाले, “कागद तो कागद शे, अक्का. भितवर बठ्ठा सारखाच दिसतस.”

“मनं काम भितवर नही, निंबाभाऊ. नालावर शे.”

त्यांनी दुसरा कोर्स निवडला. पण अहवाल लिहायला काम हवं, आणि काम तर कुणी देत नव्हतं. तेव्हा अक्कांनी कचेरीचा भरिताचा कार्यक्रम मागून घेतला. दर हिवाळ्यात आबा नावाच्या एका शेतकऱ्याच्या शेतात सगळी कचेरी बायकापोरांसह जमायची, आणि दुपारचं जेवण चार वाजता मिळायचं. साहेब हसून म्हणाले, “घ्या, हाच तुमचा प्रकल्प.”

अक्कांनी तो हसण्यावारी नेला नाही. जुन्या नकाशाच्या पाठीवर आडव्या पट्ट्या काढल्या. वांगी, मिरच्या, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या, वांगी कुटायची लाकडी बडगी, पाणी, बैलगाड्या. प्रत्येक कामाची एक पट्टी, आणि कोणतं लांबलं तर सगळंच लांबेल त्याखाली लाल रेघ. जेवण एक वाजता, असं त्यांनी कचेरीत लावून टाकलं.

त्या दिवशी सगळं वेळेवर आलं. वांग्यांचा ढीग लागला, बायका परातींपाशी बसल्या. अक्का आबांना म्हणाल्या, “आबा, पऱ्हाटी कोठे शे?” आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळल्या झाडांवर, म्हणजे पऱ्हाटीवरच भाजतात. ती शेतात असतेच, म्हणून ती कुणी कधी यादीत लिहीत नाही.

आबांनी समोर बोट दाखवलं. शेत पांढरं फुललेलं होतं. “पोरी, पऱ्हाटी आजून उभी शे. येचणी बाकी शे. कापूससंगे जाळू का?”

शेजारच्या गावातून मागच्या वर्षीची पऱ्हाटी येईपर्यंत दुपार टळली. निंबाभाऊ पंगतीत मोठ्याने म्हणाले, “सर्टिफिकेटनं भरीत बी चार वाजताच व्हयनं.” सगळे हसले. अक्का वाढत राहिल्या. पण त्या स्वतः जेवल्या नाहीत.

अहवालाची स्वच्छ प्रत मी केली. माझं अक्षर बरं होतं. जेवणाच्या वेळेपाशी आलो आणि पेन थांबलं. “अक्का, पुण्याचे लोक काय इथे बघायला येणार आहेत?”

“लिख,” त्या म्हणाल्या. “जठे अडनं, तठेच लिख.”

तोंडी परीक्षेत त्यांना बाकी फारसं विचारलंच नाही म्हणे. हेच काम पुन्हा दिलं तर काय कराल, एवढंच विचारलं. अक्कांनी उत्तर दिलं, “तारीख ठरवण्याआधी शेतात जाईन.”

त्या पास झाल्या. तरी बंधारा निंबाभाऊंना मिळाला. कागद दोघांकडेही होता. मी पुढच्या शिक्षणासाठी जळगावला निघालो, तेव्हा अक्का पुन्हा नकाशेच काढत होत्या. मला वाईट वाटलं, तसं मी बोललोही. त्या म्हणाल्या, “मी आठे शे. नाला बी तठेच शे.” आणि गाडीत खायला भाकरी बांधून दिली.

दोनेक वर्षांनी जळगावच्या बसस्थानकावर निंबाभाऊ भेटले. मी चाचरतच अक्कांची चौकशी केली. निंबाभाऊंनी पिशवी खाली ठेवून सगळं सांगितलं. बंधारा त्यांच्याच हातून अर्ध्यावर थांबला होता. सिमेंटचे ट्रक नाल्यापर्यंत पोचतच नव्हते. आधी रस्ता लागेल हे कुणी पाहिलं नव्हतं. मग साहेबांनी अक्कांना पाठवलं. पहिले काही दिवस त्यांनी बंधाऱ्याला हातच लावला नाही, नुसत्या वाटा चालत राहिल्या. यंदा पावसाआधी काम पुरं झालं.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

निंबाभाऊ जरा हसले. “मी बी तो पुण्याचा कोर्स लायेल शे. अक्कानीच फॉर्म आनी दिन्हा. यंदा कचेरीनं भरीत मनाकडे शे.” बस लागली होती. पिशवी उचलून चढता चढता ते म्हणाले, “पऱ्हाटी आतेपासूनच रची ठेयेल शे.”