वाटीतली अंगठी

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले निम्मे आता विसरलोही. पण एका अंगठीचं प्रकरण, ज्यात कुणाला साधं खरचटलंही नाही, ते काही केल्या डोक्यातून जात नाही. नावं मुद्दाम गाळतो आहे. स्वतःला गाळण्याची सोय नाही, कारण चूक माझीच होती.

मी तेव्हा दक्षिण दिल्लीतल्या एका ठाण्यात सब-इन्स्पेक्टर होतो. वडील केंद्र सरकारात कारकून, त्यामुळे सरकारी क्वार्टरमध्येच वाढलो. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. ठाण्यात मला सगळे 'मराठा साहब' म्हणत. एकदा एका मराठी स्कूटरवाल्याचं चलन मी समज देऊन सोडून दिलं, तर महिनाभर हवालदारांनी चिडवून जीव नकोसा केला. 'मराठा अपनेवालों को छोड़ देता है.' ते मला फार झोंबलं होतं.

ते दिवस मोठे गमतीचे होते. मुनिरक्याच्या पलीकडे नव्या कॉलन्या उठत होत्या. काल जिथे कीकरची झुडपं होती, तिथे आज संगमरवरी जिने आणि परदेशी गाड्या. माणसांकडे पैसा आला होता आणि शेजाऱ्याची ओळख नव्हती, त्यामुळे प्रत्येक घराला नोकरांवर संशय. आमच्या रोजनाम्यात दिवसाआड 'घरातील नोकरावर शक' अशी नोंद पडे. खरं सांगायचं तर बरेचदा तो शक खराही निघे, आणि तीच सवय मला नडली.

एके सकाळी अशाच एका नव्या घरातून मायलेक ठाण्यात आले. करोल बागेतलं जुनं घर विकून इथे राहायला आलेलं पंजाबी कुटुंब, कपड्यांच्या निर्यातीचा व्यवसाय. आईंनी रुमालात गुंडाळलेली एक अंगठी माझ्या टेबलावर ठेवली. त्यांच्या आजेसासऱ्यांनी ती लाहोरला एका परत निघालेल्या इंग्रज कुटुंबाकडून घेतली होती. फाळणीत सासूने ती सलवारीच्या नेफ्यात शिवून आणली. घरातली प्रत्येक सून लग्नात तीच घालून उभी राहिली. आता धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं. नव्या सुनेच्या मापाची करून घ्यावी म्हणून अंगठी बाजारातल्या दागिन्यांच्या नव्या एसी शोरूमला दिली, तीन दिवसांनी परत आली, आणि त्यानंतर आठ दिवसांनी कळलं की त्यातला हिरा हिरा नाहीच. अमेरिकन डायमंड आहे.

"पता कैसे चला?" मी विचारलं.

"हमारी खाना बनानेवाली ने बताया," आई म्हणाल्या. "कहने लगी, माताजी, ये वो वाला हीरा नहीं है. मैं तो हँस दी. बेटे ने दूसरे जौहरी को दिखाया, तो सचमुच नकली निकला."

मुलगा पुढे झुकला. "सर, घर में किसी को पता नहीं चला. उसी को कैसे पता चला?"

माझ्या मनात पाल चुकचुकली. जो सगळ्यांत आधी सांगतो, त्याच्याकडे आधी बघायचं, हे आम्हाला ट्रेनिंगमध्येच शिकवलेलं. आणि शोरूमवाला? तो बाजार असोसिएशनचा पदाधिकारी, दिवाळीला ठाण्यात मिठाई पाठवणारा. त्याच्याकडे मी नावापुरती चौकशी केली. त्याने पावती दाखवली, चहा पाजला, मी परत आलो.

स्वयंपाकाच्या बाईंना ठाण्यात बोलावलं. कायद्याने बाईमाणसाची चौकशी तिच्या घरी जाऊन करायची असते. तो नियम तेव्हा सगळेच मोडत आणि मीही मोडला. बाई साधारण पस्तिशीच्या, अंगाभोवती पदर घट्ट ओढून घेतलेल्या. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"साहेब, तुम्ही आपल्याकडचे? बरं झालं बाई. मला वाटलं आता कुणाला काय समजावू."

समोरच्या टेबलावर दोन हवालदार मान खाली घालून हसले. माझं डोकं सटकलं.

"यहाँ हिंदी में बोलो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. मग हिंदीत बोलू लागल्या, नीट, सावकाश. सातारा जिल्ह्यातल्या. नवरा फौजेतून निवृत्त होऊन नोएडाच्या एका कारखान्यात सिक्युरिटी गार्ड म्हणून लागलेला. मुनिरक्यात एक खोली भाड्याने. सहा वर्षं त्या एकाच घरी कामाला.

"हीरा अलग है, ये तुझे कैसे पता चला?"

त्यांनी सांगितलं ते असं. माताजी पराठ्याचं पीठ स्वतःच मळायच्या. मळताना अंगठी काढून खिडकीतल्या वाटीत ठेवायच्या. मळून झालं की अंगठी कोमट पाण्यात धुऊन, पुसून परत द्यायची, हे यांचं काम. सहा वर्षं, रोज सकाळी, त्याच खिडकीत.

"वो हीरा गोल नहीं था साहब. किसी ने हाथ से काटा था, तो टेढ़ा था. बीच में एक छेद-सा दिखता था, पर एक तरफ को. ये जो नया है, ये आँख में चुभता है. वो चुभता नहीं था. धूप में रखो तो अंदर से जलता था, दिये की तरह."

चौकशीला शेजारी बसवलेली महिला हवालदार हरियाणाची होती. नंतर मला म्हणाली, "जनाब, ये तो हीरे की बात ऐसे करे है जैसे अपने बालक की." मला तेवढंच पुरलं. दुसऱ्याच्या दागिन्याकडे माणूस इतकं निरखून बघतो ते कशाला? मी नोटबुकात लिहिलं: 'संशयिताला वस्तूची असाधारण माहिती.' ते नोटबुक अजून माझ्याकडे आहे. ते वाक्य वाचलं की आजही कान गरम होतात.

"अंगूठी लौटी उसी दिन पहचान लिया, तो आठ दिन चुप क्यों रही?"

"बोलती तो मुझ पर ही आता," त्या म्हणाल्या. "आया ही ना?"

"फिर आख़िर में क्यों बोली?"

"माताजी रोज़ उसको आँखों से लगाती हैं. काँच को लगा रही थीं. और अब नई बहू पहनेगी. मुझसे देखा नहीं गया."

मला हे फारच गोड वाटलं, म्हणून खोटं वाटलं. असं बोलणारे सराईत मी बरेच पाहिले होते. तीन दिवस मी त्यांना रोज सकाळी बोलावून बाकावर बसवलं आणि दिवस मावळायच्या आत घरी सोडलं. तेच प्रश्न उलटसुलट विचारले. उत्तर एका अक्षराने बदललं नाही. पढवलेला साक्षीदारही असाच बोलतो, मी स्वतःची समजूत घातली. हिरा बदलणं एकट्या बाईचं काम नाही, म्हणजे नवरा सामील असणार, इथपर्यंत माझी गाडी गेली.

त्यातच त्यांच्या नवऱ्याच्या कारखान्याकडून पोलीस व्हेरिफिकेशनचा कागद आमच्या ठाण्यात आला, कारण राहता पत्ता आमच्या हद्दीतला. तो सही होऊन परत गेल्याशिवाय त्याची नोकरी पक्की होणार नव्हती आणि मुदत महिनाअखेरची होती. मी तो कागद माझ्या टेबलाच्या काचेखाली सरकवून ठेवला. बाईंना तो बसल्या जागेवरून दिसत होता. मला ते ठाऊक होतं, आणि तो दिसावा म्हणूनच मी तो तिथे ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी जाताना त्या टेबलापाशी थांबल्या. "साहब, मुझे जो करना है करो. उनका कागज़ मत रोको. फ़ौज में सोलह साल किसी ने उन पर उँगली नहीं उठाई."

मी कागद होता तिथेच राहू दिला. चौथ्या दिवशी अटक दाखवायची, असं मी ठरवून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी सकाळी माझा एक जुना खबरी आला. पूर्वी रत्नं पॉलिश करायचा, नजर गेल्यावर दलाली करू लागला. तो भलत्याच चोरीची खबर घेऊन आला होता. उठता उठता म्हणाला, "साहब, एक बात समझ नहीं आती. वो एसी दुकानवाला हर ग्राहक को मशीन का हीरा बेचता है, कहता है पुराना मत लो, फीका लगता है. और खुद कारीगरों से पूछता फिरता है, दादी-नानी की अंगूठियाँ किस-किस घर में हैं."

"पुराना हीरा लेके वो करेगा क्या?"

खबरी माझ्याकडे अडाण्याकडे बघावं तसा बघत राहिला. मग त्याने मला धडा दिला. मशीनचे हिरे सगळे जुळे. हाताने पैलू पाडलेला प्रत्येक दगड एकटा. कारागिराने तो दिव्याच्या उजेडात, अंदाजाने घासलेला असतो. वजन वाचावं म्हणून दगडाचा मूळ वाकडेपणा तसाच ठेवायचा आणि खालचं टोक छाटून टाकायचं. वरून बघितलं की ते टोक भोकासारखं दिसतं. दुकानातल्या झगझगीत दिव्यांखाली तो बिचारा दिसतो. पण दर्दी लोक, विशेषतः परदेशी, त्याच्यासाठी जीव टाकतात. तो हात आता राहिला नाही, तसा दगड पुन्हा होणे नाही.

ऐकता ऐकता मी नोटबुकाची मागची पानं उलटली. भोक, वाकडेपणा, दिव्यासारखा उजेड. हे सगळं सहावीपर्यंत शिकलेल्या एका बाईने मला तीन दिवस सांगितलं होतं, आणि मी ते तिच्याच विरुद्ध लिहून ठेवलं होतं.

वरिष्ठांची परवानगी घेऊन दुपारीच शोरूमच्या मागच्या कारखान्यावर छापा घातला. एका ड्रॉवरमध्ये कागदाच्या चार पुड्या सापडल्या, प्रत्येकीत एक जुना हिरा. मालकाने कानांवर हात ठेवले. "पुरानी खरीद है जी, पर्चियाँ हैं." पर्च्या खरंच होत्या. दगडावर तर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं.

राहिली मालाची ओळख परेड. ती मॅजिस्ट्रेटसमोर होते आणि जप्त मालात तसाच दुसरा माल मिसळावा लागतो. जुन्या दिल्लीच्या सराफ गल्लीतल्या, दरीब्यातल्या एका म्हाताऱ्या सराफाकडून सहा जुने हिरे उसने आणले. दहा वाट्या, दहा नंबर. आधी मुलगा आत गेला, त्याने दोन नंबर दाखवला. मग आई गेल्या. चाळीस वर्षं ती अंगठी त्यांच्या बोटात होती. त्यांनी बराच वेळ लावला आणि सगळ्यांत जास्त चमकणारा हिरा उचलला, नऊ नंबर. दोन आणि नऊ, दोन्ही सराफाचे उसने.

बाईंना साक्षीदार करायचं म्हटल्यावर आमचे ठाणेप्रमुख, एस.एच.ओ., भडकले होते. "कल तक मुलज़िम बना रहे थे, आज गवाह?" मी म्हणालो, चूक निघाली तर माझ्या नावावर टाका. नोकरीत असं मी फार कमी वेळा म्हणालो आहे.

बाई आत आल्या. वाट्यांवरून नजर फिरवली आणि मॅजिस्ट्रेटना म्हणाल्या, "साहब, इस ट्यूबलाइट में नहीं. खिड़की में देखूँ?" परवानगी मिळाली. एकेक वाटी खिडकीशी नेऊन त्या बघत गेल्या. घाई नाही, भीती नाही. सातव्या वाटीशी त्या थांबल्या. वाटी थोडी तिरकी केली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी त्यांना हसताना पाहिलं.

"ये है."

सातव्या वाटीतला हिरा शोरूमच्या ड्रॉवरमधला होता. पण वकील म्हणणार, अंदाजाने सांगितलं. म्हणून कोर्टाची परवानगी घेऊन दरीब्यातल्या त्याच सराफाला पंच केलं आणि अंगठी त्याच्या हातात दिली. त्याने खोटा खडा काढला. खाली एका बाजूला सोन्याचा बारीक पत्रा सरकवून मोकळी जागा भरलेली होती. पत्रा काढल्यावर कोंदण वेडंवाकडं दिसू लागलं, कारण ते मुळात त्या एकाच वाकड्या हिऱ्याच्या मापाने घडवलेलं. सराफाने सात नंबर चिमट्यात धरला, एकदा फिरवला, दोनदा फिरवला. तिसऱ्यांदा तो आत बसला तो हललाच नाही. म्हातारा म्हणाला, "घर आ गया." पुढे शोरूमवाला कबूल झाला आणि उरलेल्या तीन पुड्यांची घरंही सापडली.

लोक विचारतात, या प्रकरणातून काय शिकलात? संशय घेऊ नये, असं मी म्हणणार नाही; तो आमच्या पोटापाण्याचा भाग आहे. पण माणूस एखाद्या वस्तूबद्दल जास्त जाणतो ते हाव असते म्हणूनच, असं मी धरून चाललो होतो. नुसतं आवडतं म्हणूनही कुणी सहा वर्षं रोज बघू शकतं, हे मला सुचलंच नाही. आणि दुसरं जास्त लाजिरवाणं आहे. ती बाई पंजाबी किंवा बंगाली असती, तर मी तिचं ऐकून घेतलं असतं. ती मराठी होती म्हणून मी कान बंद केले, कारण दोन हवालदार हसले होते.

काचेखालचा कागद मी हिरा अंगठीत बसला त्याच संध्याकाळी काढला. 'कोणतीही प्रतिकूल नोंद नाही' असं लिहिलं, एस.एच.ओं.ची सही घेतली आणि डाकेत न टाकता स्वतः मुनिरक्याला गेलो. अरुंद जिना, दुसरा मजला. दार बाईंनीच उघडलं. मी टोपी काढली.

"ताई," मी म्हणालो, "तुमच्या यजमानांचा कागद आणलाय. माझी चूक झाली. पहिल्याच दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं."

त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला. सही पाहिली, शिक्का पाहिला.

"जी साहब," त्या म्हणाल्या. "शुक्रिया. पानी लेंगे?"

"ताई, माझ्याशी मराठीत बोला ना."

"जी, हिंदी ही ठीक है साहब." आवाजात राग नव्हता. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

मी पाणी न पिताच निघालो. मागे दार लागलं. पाच-सहा पायऱ्या उतरलो असेन, तेवढ्यात आतून त्यांचा आवाज आला, मोकळा, भरून आलेला, माझ्या आईच्या बोलीतला.

"अहो, उठा की! आला बघा तुमचा कागद!"