कडी कापलेलं झाकण

पगारे मिस्त्री तुंबलेल्या लाईनमधून जे काही निघेल ते फेकून देत नसत. द्राक्षाच्या एका जुन्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये वर्तमानपत्र अंथरून त्यावर ते सगळं मांडायचे आणि क्रेट घरमालकाच्या पायरीवर आणून ठेवायचे. केसांचे गुंते, फडकी, झाडांची मुळं, एकदा तर कुणाची तरी दातांची कवळी. मग बेल वाजवायची. दार उघडणाऱ्याने नाकाला पदर लावला की म्हणायचे, "नाक कशापायी दाबता? तुमचंच हाय. बघा, मग बोला." मालकाने बघेपर्यंत ते पुढच्या कामाला हात लावत नसत.

मला हा माणूस कधी आवडला नाही. त्यांनाही मी आवडत नव्हते, आणि ते लपवण्याचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. उंच, काटकुळे, डोळ्यांवर जाड चष्मा, खिशात मोजपट्टी. काम संपलं की हात धुवायला आपल्याच सायकलला लावलेला पाण्याचा कॅन वापरायचे. चेंबरमध्ये मात्र ते कधी उतरले नाहीत. कुणी सुचवलंच तर म्हणायचे, "माझा बाप उतरायचा. मी नाय उतरणार. वरून होईल तेवढं करीन, नायतर दुसरा बघा."

जेल रोडच्या मागची आमची कॉलनी चाळीसेक वर्षांची, पाठीला पाठ लावलेली बैठी घरं. जमिनीखाली चिनी मातीचे पाइप, त्यांचे सांधे कधीच सुटलेले. आमच्या पाठीमागे बोरसे राहतात. त्यांचं सांडपाणी आमच्या घराच्या मागच्या भागाखालून जाऊन आमच्या पुढच्या रस्त्यावरच्या मोठ्या लाईनला मिळतं. तुंबायचं मात्र बोरशांकडेच. त्यांच्या मागच्या खोलीत बोरसेकाका एका अंगाने लुळे होऊन पडलेले असायचे, आणि मोरीतलं पाणी उलटून थेट त्यांच्या खाटेपर्यंत यायचं. बोरसेकाकू विटांवर खाट चढवून दिवस काढत होत्या.

माझे वडील, अण्णा, कचेरीत कारकून होते आणि स्वतःला नियमाचा माणूस म्हणवून घ्यायचे. ते भिंतीवरून ओरडायचे, "मोरीत भात टाकता, चहापत्ती टाकता, आणि मग रडता! पाणी जपून वापरा!" वर कॉलनीच्या कमिटीकडे बोरशांच्या नावाने तक्रारअर्ज. अण्णा गेल्यावर हे काम मी हौसेने पुढे चालवलं. मी शाळेत मराठी शिकवते, त्यामुळे माझे अर्ज त्यांच्यापेक्षा झणझणीत असायचे.

पगारेंना बोलावलं बोरसेकाकूंनी. त्यांनी काकूंच्या मोरीतून बांबूच्या लांब पट्ट्या आत सारल्या. पट्टी एका जागी अडली, हलेना. त्यांनी तिच्यावर खडूने खूण केली, पट्टी बाहेर ओढली, धुतली, आणि ती खांद्यावर टाकून, तिला लागून आलेले केस आणि चिंध्या क्रेटमध्ये घेऊन, वळसा घालून आमच्या दारात आले. "तुमच्या घरात मोजायचंय," ते म्हणाले.

"आमच्याकडे काही तुंबलेलं नाही," मी म्हटलं.

"म्हणूनच मोजायचंय."

आईला घरात आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय राहवत नाही. तिने चहा केला आणि आणला तो कान तुटलेल्या कपात. तो कप खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा, कामाला येणाऱ्यांसाठी. मला जन्मापासून तो कप तिथेच दिसत होता आणि त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं. पगारेंनी कप घेतला, फिरवून पाहिला. मग बाहेर जाऊन चहा झाडाला ओतला आणि कप क्रेटमध्ये, त्या केसांच्या आणि चिंध्यांच्या शेजारी नीट ठेवला. "हे पण तुमचंच," ते म्हणाले.

आईचा चेहरा पडला. मला इतका राग आला की त्यांना तिथूनच हाकलून द्यावंसं वाटलं. पण तोवर ते चपला बाहेर काढून स्वयंपाकघरात शिरले होते. भिंतीची जाडी धरून फूट मोजत आले आणि जिथे थांबले तिथे समोर आमचं देवघर होतं.

"हितं चेंबर हाय, बोरशांच्या लाईनीचं. वरून बुजवलंय, म्हणून गाळ काढता येत नाय," ते म्हणाले.

आई किंचाळलीच. "देवाखाली? काहीतरी बोलू नका!"

स्वयंपाकघराचा तो भाग पूर्वी मागचं अंगण होता. मी अगदी लहान असताना अण्णांनी तो झाकून खोली वाढवली, फरशी घातली आणि कोपऱ्यात संगमरवरी देवघर बसवलं. आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांनी असंच अंगण घरात घेतलं आहे.

"देव उचला," पगारे म्हणाले.

"तुम्हीच काय ते करा," मी चिडून म्हटलं.

"मी तुमचा देव मानत नाय. म्हणूनच हात लावणार नाय. तुमचे तुम्ही उचला. मी थांबतो."

ते खरंच थांबले. दारात उभे राहून भिंतीकडे पाहत राहिले. आईने तासभर जागचं हलायचं नाव घेतलं नाही. पलीकडून बोरसेकाकूंचा पाणी उपसण्याचा आवाज येत होता, डबा भरायचा, बादलीत ओतायचा, डबा भरायचा. शेवटी आई उठली, एकेक देव ताम्हनात घेतला आणि रडत बाहेरच्या खोलीत घेऊन गेली.

फरशी फुटली. खाली सिमेंट, त्याखाली लोखंडी झाकण. पगारेंनी ते पुसलं, चष्मा वर करून जवळून पाहिलं आणि मला खुणेने बोलावलं. "ह्याला दोन कड्या होत्या. करवतीनं कापल्यात. फरशी सपाट बसावी म्हणून." कापलेल्या जागी लोखंडाचे दोन गुळगुळीत ठिपके होते. "ज्यानं कड्या कापल्या त्याला हे झाकण हाय हे ठाऊक होतं. बघितलं? आता बोला."

अण्णांना ठाऊक होतं. भिंतीवरून ओरडताना, अर्ज लिहिताना, सगळा वेळ ठाऊक होतं. मी दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हटलं, "मिस्त्री, हे पलीकडे सांगू नका."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरलेले नाही. "मी नाय सांगणार," ते म्हणाले. "माझं काम लाईनीचं. सांगायचं काम तुमचं."

त्यांनी जुने पाइप काढून नवे टाकले, चेंबर बांधून घेतलं आणि झाकणाला नव्या कड्या बसवल्या. देवघर भिंतीवर गेलं. बोरशांची खोली कोरडी झाली. काकूंनी मला वाटीभर शिरा पाठवला, अडचण सोसून घर फोडू दिलं म्हणून. मी तो शिरा खाल्ला.

त्यानंतर दरवर्षी पावसाळ्याआधी पगारे येत. झाकण उचलत, आत बॅटरी मारत, झाकण ठेवत. मग विचारत, "सांगितलं का?"

"नाही अजून."

"बरं," म्हणत आणि निघत. त्या 'बरं'चा मला वर्षभर संताप यायचा. एका वर्षी आईने मुद्दाम नव्या सेटमधल्या कपबशीत चहा आणला. त्यांनी हात जोडले. आई म्हणाली, "चहा सोडलात का?" ते म्हणाले, "चहा नाय सोडला आई. तुमच्याकडचा सोडलाय." आई कपबशी घेऊन आत गेली. मी त्यांना उद्धट म्हटलं, त्यांच्या तोंडावर. ते हसलेसुद्धा नाहीत.

यंदा ते आले नाहीत. फोन केला तर त्यांच्या मुलीने उचलला. "पप्पा गेले, दोन महिने झाले," ती म्हणाली. "तुम्ही जेल रोडच्या ताई ना? त्यांच्या वहीत तुमच्या नावापुढं लिहिलंय, विचारायचं." मी फोन ठेवला. स्वयंपाकघरात जाऊन, जन्मात पहिल्यांदा, ते झाकण स्वतः उचललं. दोन्ही हात लागले. पाणी वाहत होतं. मी नाकाला पदर लावला नाही.

मग वळसा घालून बोरशांकडे गेले. काकू एकट्याच होत्या. काका गेल्या वर्षी वारले. मी दारातच उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, कड्यांचं, अण्णांचं, माझ्या अर्जांचंही.

मला वाटलं, काकू आता शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला नाही गं सांगितलंस तरी चाललं असतं," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगायचं होतंस. लाईन नीट झाली तरी शेवटपर्यंत अर्ध्या बादलीतच आंघोळ करायचे. म्हणायचे, 'आपल्यामुळं पलीकडच्यांना त्रास नको.'"