दहावा डोस

शालूबाई आमच्या गावची आशा सेविका होती. उंब्रजपासून पाच-सहा किलोमीटरवर आमचं गाव, आणि तिथल्या साडेतीनशे उंबऱ्यांत कुणाला शुगर आहे, कुणाची सून कितव्या महिन्यात आहे, कोण गोळ्या घेतो म्हणतो आणि खिडकीतून टाकतो, हे सगळं तिला तोंडपाठ. माहेर फलटणकडचं, शिक्षण नववी, आवाज पहाडी. मी तिथल्याच शाळेचा मास्तर. माझ्याबद्दल चांगलं लिहावं असं या हकिकतीत काही नाही, म्हणून शक्यतो तिच्याबद्दल लिहितो.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात शाळेत लसीकरणाची शिबिरं सुरू झाली. लोकांना हाताला धरून आणायचं काम शालूबाईचं आणि कॉम्प्युटरवर नोंदी करायचं माझं. एका बाटलीत दहा जणांची लस. बाटली एकदा फोडली की चार तासांत दहा माणसं झाली पाहिजेत, नाहीतर वाया गेली म्हणून वरून विचारणा. त्यात ग्रामपंचायतीला खूळ लागलेलं: शंभर टक्के लसीकरण झाल्याचा फलक वेशीवर लावायचा. शेजारच्या गावानं आधीच लावला होता, आणि तो आमच्या डोळ्यांत रोज खुपत होता.

या शंभर टक्क्यांत आडवा आला केरबा. शालूबाईचा चुलत दीर, दूध डेअरीचा सेक्रेटरी. सहा फुटी माणूस, मिशा अशा की नवीन पोरं वाट सोडून चालायची. पण हा गडी सुईला भ्यायचा! शालूबाई सांगायला गेली की कधी म्हशीचं निमित्त, कधी पाहुण्यांचं. शेवटी एकदा हळूच म्हणाला, "शालू, माजं नाव घाल की गं. सुईचं काय एवढं?"

चौदा सप्टेंबरला दुपारी नऊ माणसं झाली आणि दहावं येईना. वेळ संपत आली. टोचणाऱ्या सिस्टर आत लसीचा डबा आवरत होत्या. शालूबाई दोनदा केरबाच्या दारापर्यंत जाऊन आली होती, घामाघूम. मीच म्हणालो, "घालूया का केरबाचं नाव? वाया तर जाणारच हाय." तिनं पदरानं घाम पुसला. मग म्हणाली, "बगा गुर्जी. पुढच्या खेपेला मी धरून आणते त्यास्नी." मी केरबाला फोन लावला. त्याच्या मोबाइलवर आलेला नंबर त्यानं हसत हसत सांगितला. मी बटण दाबलं. औषध होतं तसं बाटलीत राहिलं आणि बाटली कचऱ्याच्या पिशवीत गेली.

पुढच्या खेपेलाही तेच. डिसेंबरात त्याचा दुसरा डोस 'झाला'. फलक लागला, नारळ फुटला, फोटोत मी पहिल्या रांगेत आहे.

जानेवारीत केरबाला ताप आला. चौथ्या दिवशी धाप लागली, म्हणून त्याच्या पोरानं, जयराजनं, त्याला कराडला एका खासगी दवाखान्यात नेलं. गाडी माझी होती, म्हणून मीही गेलो. शालूबाई मागच्या सीटवर केरबाची पाठ चोळत बसलेली. अतिदक्षता विभागाच्या दारात एक तरुण डॉक्टरीण कागद भरत होती. "लस?"

"दोन्ही डोस," जयराजनं मोबाइलवरचं सर्टिफिकेट पुढं केलं.

तिनं सर्टिफिकेट नीट वाचलं. "सध्या इथं गंभीर होऊन येणारे बहुतेक एकही डोस न घेतलेले आहेत. यांचे दोन्ही झालेत, तरी एवढं बिघडलं? असो. डोस घेतलेले त्यातूनही सावरताना दिसतात. धीर सोडू नका." मग तिनं एका वहीत नाव लिहिलं. कुणी लस घेतली होती, कुणी नाही आणि पुढं कोण वाचलं, याची ती यादी ठेवत होती. केरबा तिच्या यादीत चुकीच्या रकान्यात गेला. शालूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी भिंतीवरची हात धुण्याची सूचना वाचायला लागलो.

उपचार तर तेच होणार, मग सांगून काय फरक पडतो? असं मी मनाला समजावलं. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते, हे मात्र मनाला सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिथल्या नर्सनं व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, मिशा घामानं चिकटलेल्या. बोलायला दम नव्हता. पडद्यावर माझा चेहरा दिसला तसा केरबानं हळूहळू झग्याची बाही वर सरकवली आणि उघडा दंड माझ्यापुढं धरला. आता दे म्हणत होता. सुईला भिणारा तो माणूस दंड धरून वाट बघत होता.

"गुर्जी, काय दावत्यात हो?" जयराजनं विचारलं.

"सलाईन टोचत आसंल," मी म्हणालो.

आयुष्यात खोटं बरंच बोललो असेन, पण त्या एका वाक्याची लाज मला जेवताना येते, दाढी करताना येते. दोन दिवसांनी केरबा गेला. डॉक्टरणीच्या वहीत काय लिहिलं गेलं असेल ते मला माहीत होतं: दोन डोस, मृत्यू.

आणि मग ती वही गावात बोलायला लागली. ज्यांचे दुसरे डोस राहिले होते ती माणसं, फलक असूनही तशी वीसेक होतीच, साफ नाही म्हणायला लागली. धोंडुबाई म्हातारी तर शालूबाईला अंगणातनंच परत पाठवायची. शालूबाई माझ्याकडं आली. "गुर्जी, सांगूया. दोघं मिळून सांगूया. न्हाईतर आनी कोन तरी जाईल."

"दुःख ताजं हाय," मी म्हणालो. "दहावं होऊ दे."

दहावं नदीकाठी झालं. आमच्याकडं अशा वेळी चार माणसं उभी राहून गेलेल्याबद्दल बोलतात. जुने सरपंच आप्पासो उठले. केरबाच्या डेअरीच्या हिशोबाचं कौतुक झालं, मग आवाज चढला, "दोन दोन डोस घेतलेला गडी गेला! मंग त्या सुईचा उपेग काय, सांगा की कुनीतरी!" माना हलल्या. माझी पण हलली.

बायका मागं बसल्या होत्या. त्यांच्यातनं शालूबाई उठली. अशा ठिकाणी बाई बोलत नाही, म्हणून आधी लोकांना वाटलं तिला भोवळ आली.

"भावजींनी सुई घेतलीच न्हवती," ती म्हणाली. "एक बी न्हाई. नुसतं नाव घातलं हुतं. सुईला नाव ठिवू नका, मला ठिवा."

आप्पासोंनी विचारलं, "आन् कॉम्प्युटरवर कुनी घातलं?"

शालूबाईला कॉम्प्युटर चालू करता येत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. मी तिच्यापासून दहा पावलांवर उभा होतो. तोंड उघडलंही होतं, खोटं कशाला सांगू. पण आवाज आला तो तिचाच.

"मीच," ती म्हणाली.

जयराज तिच्या अंगावर धावला, लोकांनी धरला. मी मान खाली घालून वाळूत बघत राहिलो. आठवड्यात तिचं काम गेलं. चौकशीला आलेल्या साहेबांनी मला एकच प्रश्न विचारला, पाणी प्यायला कुठं मिळेल.

पुढचं शिबिर लागलं. तिचं बोलणं लोकांच्या मनात बसलं होतं, राहिलेले सगळे एकामागून एक आले. धोंडुबाई काठी टेकत पहिलीच आली, पदर सावरून समोर बसली आणि दंड पुढं केला.

"तुमी हाईसा म्हनून आले बगा, गुर्जी," ती म्हणाली. "त्या शालीचा आता काय भरवसा न्हाई."

मी तिचं आधार कार्ड घेतलं आणि नंबर टाकायला लागलो.