कोरड्या टाकीचा जनरेटर

या सदरातले अनुभव मी आजवर चहा पिता पिता वाचले आणि पान उलटलं. कुणाला हाका ऐकू येतात, कुणाला पावलं... मी सोलापुरात एका शाळेत विज्ञान शिकवते. असल्या सगळ्या गोष्टींना माझ्याकडे एकच उत्तर असायचं — कान वाजले, दुसरं काय? यंदाच्या उन्हाळ्यात तेच उत्तर मी स्वतःला देऊन बघितलं. ते पुरलं नाही, म्हणून लिहितेय.

जुळे सोलापूर भागात आमचं तळमजल्याचं घर आहे. आई आणि मी, दोघीच राहायचो. मागच्या बाजूला छोटं अंगण, त्याला कंपाउंडची भिंत, आणि भिंतीपलीकडे खालांचं घर. खाला म्हणजे आमच्या शेजारीण, आईची फार जुनी मैत्रीण. भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या.

आईची फुफ्फुसं शेवटी शेवटी फार थकली. घरी ऑक्सिजनचं मशीन आणलं, पण ते चालणार विजेवर, आणि लाईट कधी जाईल याचा आमच्याकडे काही भरवसा नाही. म्हणून एक छोटा पेट्रोल जनरेटर घेतला. त्याचं सगळं मीच बघायचे. सुरू करण्याआधी ऑइल तपासायचं, एअर फिल्टर झटकायचा, स्पार्क प्लग काळा पडला की घासायचा. एकदा रस्सी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होईना. मग कळलं, जुनं पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकट होऊन बसलंय. तेही साफ करायला शिकले. ठेवायचा मात्र कायम अंगणाच्या टोकाला, खिडकीपासून लांब, सायलेन्सरचं तोंड मोकळ्या प्लॉटकडे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड वर्गात शिकवते मी — रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो.

त्या जनरेटरला एक खोड होती. लोड आला की धडधडता धडधडता मध्येच दम खायचा, जणू ठेच लागली, आणि पुन्हा वेग घ्यायचा. आई म्हणायची, "माझ्यासारखंच हाय की गं हे. धापा टाकतंय."

थंडीत आई गेली. ऑक्सिजनचं मशीन परत दिलं. जनरेटरची टाकी मी रिकामी केली, कार्बोरेटरखालचा स्क्रू सैल करून उरलंसुरलं पेट्रोलही काढलं. प्लग काढून किचनच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि त्या भोकात कापडाचा बोळा बसवला. हे मुद्दाम सांगतेय... ते मशीन सुरू होणं शक्यच नव्हतं.

ऊन तापायला लागलं आणि एका रविवारी दुपारी खाला भिंतीपाशी आल्या.

"बेटी, लाईट तो है ना? फिर मशीन कायकू चालू रखी?"

मी म्हटलं, "खाला, मशीन बंद आहे. कधीचं बंद आहे."

"मेरे कान में धडधड हो री, और तू बोलती बंद है!"

मला हसू आलं. आवाज दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनचा असेल, हे पटावं म्हणून त्यांना आत बोलावलं, अंगणात नेलं, जनरेटरवरचं कापड काढलं. टाकीचं झाकण उघडून दाखवलं. खालांनी वाकून इंजिनवर हात टेकवला आणि झटक्यात मागे घेतला.

"या अल्ला! गरम है ना!"

मी हात लावला. गार होतं. वर धूळ होती, आणि त्या धुळीत खालांच्या बोटांचे ठसे. खाला बोटं दुसऱ्या हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी खोटं बोलतेय असंच त्यांना वाटलं. "तेरी माँ के वास्ते हमने कब्बी कुछ बोला नै," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. त्यानंतर वाट्या बंद झाल्या.

वय झालं त्यांचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. पण त्याच आठवड्यात माझ्या धाकट्या बहिणीचा, शैलाचा, फोन आला. ती वळसंगला असते. तिचा नवरा मल्लिनाथ तिथे कोंबड्यांची शेड चालवतो. बोलता बोलता ती म्हणाली, "आक्का, लाईट गेलीय का गं? जनरेटरचा आवाज लई येतोय. मोठ्यानं बोल की."

मी पंख्याखाली बसले होते. घरात चिटपाखरू नव्हतं.

"कसला आवाज येतोय?"

"तेच की आपलं... धडधड करतंय, मधी थांबल्यागत होतंय, परत धडधड."

खालांचं आणि शैलाचं तर महिनोन्‌महिने बोलणं नाही. मी फोन ठेवून अंगणात गेले. कापड उचलून कान इंजिनला लावला... काही नाही. नंतर गॅसचं सिलिंडर देणारा माणूसही दारात उभा राहून मोठ्यानं बोलायला लागला, मागे मशीन चालू असल्यासारखा. मी त्याला काही विचारलं नाही. विचारायचं धाडसच झालं नाही.

बाकी सगळ्यांना येतोय आणि मलाच येत नाही, म्हणजे दोष माझ्याच कानात. मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले, सगळी तपासणी केली. कान उत्तम निघाले. मला त्याचं वाईटच वाटलं. झोप उडाली होती, वर्गात शिकवतानाही मागे काहीतरी चालू आहे आणि मला ते ऐकू येत नाही असं वाटत राहायचं.

शेवटी मल्लिनाथला म्हटलं, घेऊन जा. उन्हाळ्यात कोंबड्यांसाठी पंखे आणि फवारे बंद पडून चालत नाही, त्याला गरजही होती. तो टेम्पो घेऊन आला. मी प्लग बसवला, नवीन ऑइल घातलं, पेट्रोल भरलं, चोक लावून रस्सी ओढली. सुरू झाला, आणि मला ऐकू आला! इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून मी अंगणातच रडले. मल्लिनाथला वाटलं, आईची आठवण आली.

त्याला सगळं समजावलं. गरम असताना पेट्रोल ओतायचं नाही, आणि काही झालं तरी बंद जागेत चालवायचं नाही.

"आक्का, मी काय ल्हान हाय का? तुमी निवांत ऱ्हावा की," तो म्हणाला.

खरंच निवांत झाले. खालांच्या बाजूचा आवाजही बंद झाला असावा, कारण त्या परत भिंतीवरून बोलायला लागल्या.

मे महिना होता, शाळेला सुट्टी. दुपारी दहीभात खाऊन मी आडवी झाले होते. आमच्याकडे लाईट होती, डोक्यावर पंखा फिरत होता. आणि मागच्या अंगणातून जनरेटर सुरू झाला.

आधी मला काही वाटलंच नाही, इतका तो ओळखीचा. मग आठवलं, तो तर वळसंगला आहे. मी मागचं दार उघडलं. अंगण रिकामं, फरशीवर फक्त ऑइलचा डाग. आवाज तिथूनच येत होता. धडधड... ठेच... धडधड... आणि ठेच लागायचं अंतर कमी कमी होत चाललं होतं.

मी भिंतीवरून हाक मारली. "खाला! तुम्हाला मशीनचा आवाज येतोय?"

खाला बाहेर आल्या. "मशीन तो तू देके डाली ना. क्या हुआ बेटी? मुँह कैसा होगया तेरा!"

त्यांना काही ऐकू येत नव्हतं.

मी शैलाला फोन लावला. उचलला नाही. मल्लिनाथला लावला, त्यानंही नाही. दुपारी झोपली असतील... पण तो आवाज मला उभं राहू देईना. त्यांच्या शेजारच्या रानातले इरप्पा मामा दरवर्षी मला ज्वारी आणून देतात, त्यांचा नंबर होता.

"हॅलो, कोन? आक्का व्हय?"

"मामा, शैला फोन उचलत नाही. शेडकडे जाऊन बघा. आत्ताच्या आत्ता."

"आत्ता? ऊन बगा की कसलं हाय..."

"मामा, पळा!"

माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, ते पळाले. फोन तसाच हातात. मी ओरडून सांगत होते — आधी दारं उघडा, श्वास धरून आत जा, मशीन बंद करा, त्यांना बाहेर ओढा. पलीकडून नुसती धाप ऐकू येत होती, मग दार आपटल्याचा आवाज, खोकला. अंगणातला आवाज मात्र चालूच.

आणि एकदम थांबला. अंगण गप्प झालं. मी फोनमध्ये मामांना हाका मारत राहिले. त्यानंतर थोड्या वेळानं मामांचा आवाज आला, "आक्का... बंद केलंय मशीन. दोगंबी पडल्यात गं. श्वास हाय."

दोघंही वाचली. दवाखान्यात ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी शैला मला ओळखून बोलली. झालं होतं असं — बाहेर उन्हात मशीन फार तापतंय म्हणून मल्लिनाथनं ते खाद्याच्या खोलीत घेतलं. दार उघडं ठेवलं होतं, पण वावटळीनं ते लागलं. शेजारच्या खोलीत दोघं झोपलेली. डोकं जड झालं तेव्हा उन्हानं झालं असेल म्हणून पडून राहिली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं.

लोक मला सांगतात, तुमच्या मनात भीती होती, म्हणून भास झाला. मनात भीती नव्हती हो. मी दहीभात खाऊन लोळत होते. आणि भास म्हटला तरी तो मामांनी मशीन बंद करताक्षणी कसा थांबला? ते बंद झाल्याचं मला नंतर कळलं. त्याआधी खालांना, शैलाला आवाज आला तेव्हा तर ते कोरडं होतं. खालांनी त्या दिवशी घरी जाऊन बोटांना तूप लावलं होतं म्हणे. आईशी याचा काही संबंध आहे का, असंही विचारतात. मला माहीत नाही. आईचं नाव यात घ्यायला जीभ रेटत नाही.

मी खालांनाच एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "मेरे कू तब सुनाई दिया, तेरे कू अब. किसकू पूछना?"

जनरेटर अजून वळसंगलाच आहे, आता उघड्यावर, चार खांबांवर पत्रा टाकून त्याखाली. सर्व्हिसिंगला मीच जाते. उत्तम चालतो, त्यात कसलाही दोष नाही. दोष असता तर बरं झालं असतं, काढून तरी टाकला असता. मी मात्र दुपारची झोपू शकत नाही. आवाज येत नाही याचं समाधान वाटायला हवं, पण एकदा तो माझ्याच कानाला आला नव्हता, हे विसरता येत नाही. म्हणून रोज जेवण झालं की शैलाला फोन लावते. ती वैतागते. परवा तर हॅलोसुद्धा म्हणाली नाही. फोन उचलला आणि सरळ म्हणाली,

"जित्ती हाय गं आक्का. ठेव आता."