बिनराबाचा ट्रे

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. जव्हारच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला संशोधन प्रकल्प करावा लागतो हे कळलं, त्या दिवसापासून मी विषय ठरवायचंच टाळत होते. प्रकल्प बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "घरचंच काहीतरी घे." मी नाचणी घेतली. आमच्याकडे नाचणीची रोपं राबावर करतात. शेण, पाला, वाळक्या फांद्या पसरून जमीन भाजायची आणि मग त्या राखेच्या मातीत बी पेरायचं. माझा प्रश्न एवढाच, की राबामुळे रोपं खरंच जोमानं येतात का. एका ट्रेमध्ये राबाची माती, दुसऱ्यात साधी. बस्स.

बस्स कसलं. पहिल्या खेपेला बियांवर बुरशी धरली. दुसऱ्या खेपेला लॅबचं पाणी गेलं आणि कोंब वाळून गेले. मॅडम रागावल्या नाहीत, त्यानं तर मला जास्तच धडकी भरली. "का बिघडलं ते लिही आणि परत लाव," एवढंच म्हणाल्या.

घरी बाबांनी वेगळंच सांगून ठेवलं होतं. "काय शोधून काढलंस ते येऊन सांग. मग पुढच्या शिक्षणाला नाशिकला पाठवायचं, की आमच्याबरोबर वीटभट्टीवर यायचं, ते ठरवू." बाबांचा शब्द म्हणजे शब्द. तिसऱ्यांदा बिघडलं तर सांगणार काय, या विचारानं मला जेवण जात नव्हतं.

तिसऱ्या खेपेला रोपं छान उठली. तेवढ्यात शिमग्याची सुट्टी लागली, हॉस्टेल रिकामं, लॅबला कुलूप. पाणी कोण घालणार? दोन्ही ट्रे घेऊन मी जीपमध्ये बसले. सूर्यमाळच्या चढावर प्रत्येक वळणाला माझा जीव वरखाली होत होता. शेजारची बाई हसून म्हणाली, "तान्हं पोर असल्यासारखं काय कवटाळलंस गं?"

घरी ट्रे पडवीत ठेवले. आईला म्हटलं, "हात लावू नको, कॉलेजचं आहे." आमच्याकडे त्या दिवसांत पाणी लांबून, डोक्यावरून आणायचं. तरी हंड्यातलं पाणी ट्रेंना द्यायला आईनं कधी कुरकुर केली नाही. होळी झाल्यावर एका सकाळी मी पाण्याला गेले. परत येऊन बघते तर साध्या मातीच्या ट्रेवर करडी राख. बोटांनी नीट, रोपांच्या मुळाशी पसरलेली.

मी हंडा उतरवला. "आई, हे काय केलंस?"

"अगं बाय, एकाला खायला घातलंस आणि एकाला उपाशी ठेवलंस. पिवळी पडत होती बिचारी."

ओरडायचं होतं, पण मी ट्रेपाशी डोकं धरून बसले. मला बरं नाही असं वाटून तिनं चहा ठेवला.

हॉस्टेलवर परतल्यावर मैत्रीण म्हणाली, "पुढचे आकडे ठोकून दे की. कोण बघायला येतंय?" खरं सांगते, हात शिवशिवले होते. पण मॅडमनी ट्रे मागितला तर? राख तर दिसणारच. मी ट्रे घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले.

मॅडमनी ट्रे खिडकीशी नेऊन पाहिला. "राख पडायच्या आधीची मापं घेतली होतीस?"

"हो, मॅडम."

"मग तिथपर्यंतच तुलना करायची. त्यापुढचं वेगळं लिही, आणि राख कशी पडली तेही लिही. हा ट्रे उपाशी का ठेवलाय, ते आईला सांगितलं होतंस?"

मी मान हलवली. नव्हतं सांगितलं.

"तेही लिही."

लिहिलं सगळं. बुरशी लिहिली, पाणी लिहिलं, आई लिहिली. निष्कर्षाखाली लिहिलं, की राबाची रोपं उंच दिसली, पण एवढ्यावरून खात्रीनं सांगता येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी तेच वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी घाबरतच वाचलं. पास झाले, एवढं खरं.

मग घरी गेले. बाबा भाताच्या पेंढ्याचे दोर वळत बसले होते. मी चुलीपाशी बसून आईला पहिल्यांदा सगळं समजावलं. एक ट्रे मुद्दाम तसाच का ठेवायचा, नाहीतर राबानं काय केलं ते कळणार कसं. तिनं नीट ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे राब जाळायचा का नाही?"

बाबांचे हात थांबले. त्या सरांपुढे वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली. हो म्हणावं, मोकळं व्हावं. त्यांनाही तेच ऐकायचं असणार.

"अजून नक्की कळलं नाही, आई. पुन्हा पुन्हा करून बघावं लागेल."

मी मान वर केली नाही. मला पेंढ्याचा वास येत होता आणि वीटभट्टीच दिसत होती.

आईनं लाकूड आत सारलं आणि बाबांकडे बघून म्हणाली, "ऐकलं ना? तिचं शिकून व्हायचंय अजून."