आत्याच्या हाताखालचा गुलाब

माझ्या आत्याने जन्मभर परिचारिकेची नोकरी केली. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तिला वाकायला बंदी झाली, म्हणून मी मुद्दाम गुलाबी फुलांचा काटक गुलाब आणला. समुद्राचा खारा वारा सोसणारा, फारसं काही न मागणारा. तर बाईंनी वारा लागू नये म्हणून त्याला चादर गुंडाळली आणि रोज वाकून पानं पुसली! हवा कोंडून पानांवर काळे डाग पडले.

"आत्या, त्याला एकटं सोड गं!"

"आजारी जिवाला एकटं सोडतात होय रे?"

"आजारी तूच पाडलंस त्याला! आणि गुडघा सुजलाय तो वेगळाच."

तिने चादर सोडली. आता रोज त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसते.

"बघतोस काय? हात लावलाय का मी? नुसती सोबत करतेय."